काकूंच्या पडवीतले उलटे टोमॅटो

वडील काळ्या मातीचं पोतं एस्टीत चढवत होते आणि कंडक्टर ते उतरवत होता. मला रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरजवळच्या एका शाळेत नोकरी लागली होती. "तिकडं माती नसती, नुसता दगड. तीन वर्षं काढ अन् बदली करून घे," वडील म्हणाले. जुन्नरकडे आमचा टोमॅटो एकरानं पिकतो. त्यांच्या लेखी मी वनवासाला निघाले होते. शेवटी पोतं चढलं, कारण कंडक्टर दमला.

वडिलांचं म्हणणं खरं निघालं. सुलभाकाकूंकडे मागच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, पण परसात सगळा कातळ. कुंडीत लावलेली टोमॅटोची रोपं त्यांच्या कोंबड्यांनी उपटली. मग मी रंगाच्या रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडली, रोपं त्यातून खाली सोडली, वर माती भरली आणि बादल्या पडवीच्या वाशांना टांगल्या.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "ह्या झाडान काय केलान गो बाय, उलटा टांगलंस?"

शाळेत बातमी पोचली ती अशी, की नव्या बाई ऐकत नाही त्याला उलटं टांगतात. त्या आठवड्यात सगळ्या वर्गाचे पाढे पाठ झाले.

बादल्यांतून पाणी ठिबकायचं. काकू छत्री उघडून पेपर वाचू लागल्या, पण बादल्या काढ म्हणाल्या नाहीत. मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा स्टुलावर चढून पाणीही त्यांनीच घातलं. टोमॅटो पिकले तेव्हा वाटीवाटीनं सार शेजारी गेलं, "आमच्या पडवीतले" म्हणून.

तीन वर्षं झाली आणि वडील बदलीचं बोलायला स्वतः आले. पडवीत उभं राहून त्यांनी वर बघितलं. टोपीवर थेंब पडला. त्यांनी एका फळाकडे हात नेला, तर काकू आतून म्हणाल्या, "हात नका लावू हां, कच्चे आहेत ते."

जन्मभर टोमॅटो पिकवलेल्या माणसानं हात मागे घेतला. जेवताना सार दोनदा मागितलं. बदलीचा विषय निघालाच नाही. पुढे आईचा फोन आला, की तुझ्या बापानं गोठ्यात बादली टांगलीय आणि विचारणाऱ्याला सांगतो, रत्नागिरीची पद्धत आहे.

बदली मी अजून मागितलेली नाही. मे महिन्यात गावी जाते. दोन दिवस बरे जातात, मग काकूंना फोन करून पाणी घातलं का विचारते. आई म्हणते, अगं, इथं एवढा टोमॅटो उभा आहे, तो बघ की. बघते ना. मैलभर हिरवंगार शेत असतं, माझ्याच बापाचं. पण पिकला का हे बघायला मान आधी वर जाते, आणि वर नुसतं आभाळ असतं.