आमच्या बँडच्या अटी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, लेकरांसमोर नाही, विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसांसमोर तर नाहीच. कितीदा ओठांपर्यंत आलं — आणि मी भलतंच काहीतरी बोललो. तुम्ही आमच्यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

गंगाखेडला माझी बँडपार्टी होती. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि लोक पुन्हा वाजतगाजत लग्नं करायला लागले, तेव्हाची गोष्ट. वाद्यं माझी, बँड माझ्या नावाचा, क्लॅरिनेट मी वाजवायचो. ट्रम्पेट वाजवायचा उत्तम — कौसाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. मला दाजी म्हणायचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कमी बोलणारा. पण त्यानं सूर लावला की वरात गल्लीत वळायच्या आधीच बाया अंगणात येऊन उभ्या राहायच्या.

त्या काळी बँडवाल्याचं काम कुठं सुरू होतं अन् कुठं संपतं, हे कुणी ठरवतच नसे. सुपारी दिली म्हणजे माणसं ताब्यात आली. ओठ सुजले तरी नवे पाहुणे उतरले की पुन्हा वाजवा. वाजवून झालं की गाद्या उचला, लाकडं फोडा. जेवण सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या कडेला. मी ते चालवून घ्यायचो. नाही म्हटलं तर पुढची सुपारी दुसऱ्याकडं जाईल, ही भीती. की नुसती सवय होती? माझा बाप गावापुढं हलगी वाजवायचा. बोलावणं आलं की जायचं, विचारायचं नाही. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यानं हलगी खाली ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. मी बँड काढला तेव्हा त्याला म्हणालो होतो, हा धंदा आहे, ते काम नव्हे.

उत्तमनं मला तेच विचारलं. "दाजी, धंदा हाय ना आपला? मग धंद्याला अटी नगंत का?"

त्यानंच करार लिहिला. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीला जाऊन मांडवात येईपर्यंत वाजवू, संध्याकाळची वरात वाजवू. वाजवण्याशिवाय दुसरं काम नाही. आणि जेवण पंगतीत, सगळ्यांबरोबर. सुपारी देणाऱ्यानं खाली सही करायची. मी घाबरलोच होतो. काही जण हसले, काही तसेच परत गेले. पण वालूरच्या एका शेतकऱ्यानं काही न बोलता सही केली, आणि लग्नात स्वतः हात धरून आम्हाला पंगतीत बसवलं. आमच्यातला म्हातारा ढोलवाला त्या दिवशी पत्रावळीवरचं शीतन् शीत वेचून जेवला. मग हळूहळू लोक सही द्यायला लागले. आम्हीही ताठ चालायला लागलो.

मी आजूबाजूचंच सांगत बसलोय — कळतंय मला.

राणीसावरगावच्या बाजूला एक मोठं घराणं होतं. गावाचं नाव नको. घरातल्या थोरल्या मालकांचा धाकटा भाऊ सुपारी घेऊन आला, अटी वाचल्या, सही केली, गेला. लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवाबाहेर उत्तमनं तो करार घडी करून माझ्याकडं दिला, "तुमच्यापाशी ठिवा," म्हणाला. मी कोटाच्या आतल्या खिशात टाकला.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. आम्हीही कडेच्या ओळीत बसलो. पत्रावळीवर भात पडला होता. तेवढ्यात थोरले मालक, नवरदेवाचे वडील, समोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"ह्यांना हितं कुणी बसवलं?"

उत्तम उठून उभा राहिला. म्हणाला, "तसं ठरलंय, मालक. तुमच्या घरची सही हाय."

मालकांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "का रं, असं काय ठरलं व्हतं?"

वाढपी जागच्या जागी थांबले. सही करणारा धाकटा भाऊ तिथंच होता, मान खाली घालून. मला काय करायचं होतं? खिशात हात घालायचा होता. एवढंच.

"न्हाई मालक," मी म्हणालो. "पोराच्या समजण्यात चूक झाली. — उठा रे."

वाढलेल्या पत्रावळी सोडून माझी माणसं उठली. म्हातारा ढोलवालासुद्धा. आम्ही गोठ्याकडं गेलो. उत्तम तिकडं आला नाही, जेवलाही नाही. संध्याकाळी वरातीला मात्र येऊन उभा राहिला आणि ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत वाजवलं.

इथंच थांबलो असतो, तर भित्रा म्हणून तरी जगलो असतो. थांबलो नाही. परतीच्या एसटीत पोरं विचारायला लागली — करार होता ना, मग? मी म्हणालो, उत्तमनं सही घेतलीच नव्हती, घेतली म्हणून मला उगंच सांगितलं. तो पुढच्या बाकावर होता. त्याला ऐकू गेलं असणारच. करार त्यानं सकाळी माझ्या हातात दिलेला — आणि तो मागं वळला नाही.

घरी येऊन तो कागद मी चुलीत घातला. कौसालाही तेच खोटं सांगितलं. ती भावाला लय बोलली. तुझ्यापायी ह्यांची चार माणसांत मान खाली गेली, म्हणाली. तो उंबऱ्याशी उभा राहून ऐकत होता. मी आत बसून ऐकत होतो.

का बोलला नाही तो? त्याच्या एका वाक्यानं सगळं उघडं पडलं असतं. बहिणीच्या संसाराचा विचार केला असेल. पण हा माझा अंदाज. विचारलं कुठं मी कधी?

पावसाळ्याआधी उत्तम बँड सोडून नांदेडला गेला, एका गोदामात कामाला लागला. पुन्हा वाजवलं नाही, असं ऐकलं. मीही पुन्हा कुणाकडं सही मागितली नाही. गोठ्याची कडा मग आमची कायमचीच झाली.

पुढं एकदा गंगाखेडच्या स्टँडवर तो धाकटा मालक भेटला. चहा पाजला. उठता उठता म्हणाला, "तुमी कागद काढला असता तर मी हो म्हणलो असतो. माझीच सही व्हती की." खरं बोलला, की स्वतःला बरं वाटावं म्हणून बोलला? कोण सांगणार? त्याला खरं बोलायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

बहीण-भावाचं येणंजाणं तुटक झालं ते झालंच. कौसाच्या शेवटच्या आजारात उत्तम आला. तिच्या उशाशी बसला, मोसंबी सोलून एकेक फोड तिला भरवली, मला नमस्कार केला आणि गेला. दाराकडं बघत ती म्हणाली, "चांगला हाय वो माझा भाऊ. तवा तेवढं खोटं बोलायला नको व्हतं त्यानं."

मी म्हणालो, "जाऊ दे. लहान व्हता. मी कवाच इसरलो."

तिनं माझा हात हातात घेतला — मोठ्या मनाच्या माणसाचा घ्यावा तसा. मी तो काढून घेतला नाही.