सातव्या ओळीतली तांबडी माती

आमच्या कचेरीत तिला सगळे आकडेताई म्हणत. शेतामाळांतून आणलेल्या मातीचे प्रयोगशाळेतले आकडे तपासून जमिनीखाली तांबं कुठे असेल ते ती सांगायची, आणि मी तसे नकाशे रंगवायचो. सरासरीवर तिचा भारी राग. एक मोठा आकडा आला की सरासरी हुरळून जाते, म्हणायची. मधोमधचा आकडा बिचारा जागचा हलत नाही. चारचौघांत फार बोलणाऱ्यांबद्दलही तिचं हेच मत होतं, म्हणजे माझ्याबद्दलही.

माळावर नमुन्यांसाठी आखलेल्या ओळींपैकी सातव्या ओळीचे सव्वीस नमुने तिच्या थोरल्या भावानं, दादानं, खणले होते. निवृत्तीआधीचं त्याचं शेवटचं काम. सव्वीसही पिशव्यांत तांबं इतरांच्या दुप्पट निघालं. गुडघे धरून घरी बसलेला दादा येईल त्याला सांगायचा, खाण निघाली तर माझ्याच फावड्याखाली. साहेबांना मात्र यात काळंबेरं दिसलं. दोन-चार पिशव्या समजू शकतो, म्हणाले, पण सगळ्याच? कुणीतरी काहीतरी मिसळलंय. ओळ गाळून त्यांनी अहवालाच्या मसुद्यात दादाच्या नावापुढे ‘नमुने अविश्वसनीय’ असा शेरा मारला. शहानिशा करायला ताईला आठवडा दिला, तोही उपकार केल्यासारखा.

त्या आठवड्यात ती दादाकडे फिरकली नाही. त्याच्यासमोर गेले तर सगळं ओकून टाकीन, म्हणाली.

तिनं तांबं बाजूला ठेवून लोहाचे आकडे काढले. दादाच्या पिशव्यांत लोहही दुप्पट होतं. मग आम्ही गोदामात जाऊन उरलेली माती कागदावर ओतली. इतरांची करडी, दादाची तांबडी. इतरांनी वीतभर खणून पिशव्या भरल्या होत्या. हा पठ्ठ्या खालच्या थरापर्यंत गेला होता. त्या थरात लोह जास्त, आणि लोह तांब्याला धरून ठेवतं. लोहाच्या मानानं पाहिलं, तर सातव्या ओळीत तांबं बेताचंच होतं. साहेबांनी शेरा खोडला. दादाची खाणही त्याच हिशेबात बुडाली.

हे दादाला सांगायला तिनं मला सोबत नेलं. चहा संपवून तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं, फक्त साहेबांचा शेरा सोडून.

“रंग बदलेपर्यंत खणायचं, असं मला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं,” दादा म्हणाला. “म्हणजे तांबं नाही.”

“नाही रे दादा.”

“आणि तो शेरा? खोडला का?”

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोललो नव्हतो, शप्पथ.

“पहिल्याच दिवशी कळलं मला. कचेरीत काय झाकून राहतं?” दादा म्हणाला. “खाण गेली खड्ड्यात. तू आठवडाभर आली नाहीस. मला वाटलं, तुलाही ते खरं वाटलं.”