सतराची तिसरी पाळी

वासुदेवराव टोकेकर सव्वीस वर्षं मिलचा भोंगा वाजवत होते. बॉयलरघरात एक साखळी होती. ती त्यांनी ओढली की आमचं निम्मं नंदानगर उठायचं, जेवायचं किंवा निघायचं. एकदा भोंगा आणि आमच्या शाळेची घंटा यांच्यात तीन मिनिटांचा फरक पडला, तेव्हा हेडमास्तरांनी भोंग्याची चौकशी केली नाही, शाळेचं घड्याळ पुढे सरकवलं.

एक्क्याण्णव साली देशात बाजार उघडला म्हणतात. आमच्याकडे त्याच वर्षी मिलचं फाटक बंद झालं. हळूहळू गल्लीतली घड्याळं टीव्हीवरच्या बातम्यांना लागली आणि वासुदेवरावांना वेळ विचारणं बंद झालं. ते तक्रार करत नसत. फक्त ओट्यावर बसले असताना कुणी जवळून गेलं, की मनगट जरा वर धरत. बघणाऱ्याला घड्याळ दिसावं एवढंच.

शेवटची अकरा वर्षं त्यांनी कायम तिसरी पाळी केली होती, रात्री बारा ते सकाळी सात. मिल गेली तरी झोप पाळीप्रमाणेच राहिली. रात्रभर घरात येरझारा घालतात म्हणून त्यांच्या पत्नीनं, यमुनाकाकूंनी, त्यांना खाटेसकट छतावर पाठवलं. तिथे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, तेव्हा ते आकाशाकडे बघू लागले.

पण बघायचे ते मिलच्या माणसासारखं. कोण कधी आलं, कधी गेलं, कोण उशिरा आलं. त्यांच्या लेखी गुरू दुसऱ्या पाळीचा होता, संध्याकाळी हजर आणि दोनच्या सुमाराला घरी. शनी त्याच्या मागून निघायचा, "दोन तास ओव्हरटाइम करून." मंगळ तिसऱ्या पाळीचा, पण बदली कामगार. आज या राशीत, दोन महिन्यांनी त्या राशीत, पक्की जागा नाही. शुक्र दिसेनासा झाला की म्हणत, "रजेवर आहे. न सांगता जात नाही तो, माणूस चांगला आहे."

मी त्यांच्या शेजारची. चौतीस वर्षं भूगोल शिकवला, पण सूर्यमाला कायम फळ्यावर काढली. मंगळ खरोखर लाल दिसतो हे मला वासुदेवरावांनी निवृत्तीनंतर दाखवलं.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात पेपरात ठळक बातमी आली, 'सतरा तारखेच्या रात्री आकाशातून उल्कांचा पाऊस.' गल्लीत पेपर यायचा तो प्रतापरावांकडे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचत. मथळा वाचून झाला की खालचा मजकूर आपल्या मतानं सांगत. त्यांनी लगेच जाहीर केलं की मंगळवारी, सतराला, रात्री बाराला सगळ्यांनी त्यांच्या गच्चीवर यावं. कचोऱ्या आणि शाल त्यांच्याकडून. मग म्हणाले, "शाल ज्याची त्यानं आणावी."

सोमवारी संध्याकाळी वासुदेवराव प्रत्येक दारात जाऊन उभे राहिले. "आज रात्री बाराला उठा. उल्का आज आहेत."

"अहो, आज सोळा," प्रतापराव म्हणाले.

"बाराला सतरा लागते. सतराची रात्रपाळी म्हणजे आज बारा ते उद्या सकाळी सात. सव्वीस वर्षं हाजरी अशीच लागली."

"पेपर काय मिलमध्ये छापतात का?"

"तारीख तर सगळीकडे बारालाच बदलते ना, प्रतापरावजी."

"मिल बंद पडली म्हणून आता आकाश चालवायला घेतलं का तुम्ही?"

ओट्यावरचे सगळे हसले. वासुदेवरावही थोडं हसले. मग शांतपणे म्हणाले, "सव्वीस वर्षांत एक मिनिट चुकलो असेन तर सांगा. आज चुकलो तर पुन्हा कुणाला काही सांगायला येणार नाही."

कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लावणारा मालोजी तेवढा आपल्या हिंदीमिश्रित बोलीत म्हणाला, "भिया, मैं तो वैसेही चार बजे उठता. देखून घेतो."

एवढाच काय तो पाठिंबा.

रात्री बाराला छतावर आम्ही तिघं होतो. वासुदेवराव कोट घालून आले होते. यमुनाकाकू दोन स्वेटर, कानटोपी आणि शेंगदाण्यांची पुडी घेऊन आल्या. त्या आल्या त्या विश्वासानं नव्हे. "हे एकटे बसले आणि काही पडलंच नाही, तर सकाळी माझ्याशी बोलायचे नाहीत," असं त्यांनी मला जिन्यातच सांगितलं होतं.

साडेबारा झाले, एक झाला. पूर्वेला सिंह रास वर आली. दीडच्या सुमाराला एक बारीक रेघ दिसली न दिसली.

"एक," वासुदेवराव म्हणाले.

"डास होता," काकू म्हणाल्या.

दोनला गुरू घरी गेला आणि मंगळ कामावर आला. तीनपर्यंत मोजून सहा उल्का झाल्या, त्यांतल्या दोन काकूंना मान्य नव्हत्या. "पाळी सुरू आहे, पण माल दिसत नाही," त्या म्हणाल्या. वासुदेवराव आकाशापेक्षा घड्याळाकडेच जास्त बघत होते.

साडेतीनला शेंगदाणे संपले. काकू पुडीचा कागद चुरगाळणार तेवढ्यात वासुदेवरावांना त्यावर ओळखीचा मथळा दिसला. प्रतापरावांकडची रद्दी काकूच आणत असत. वासुदेवरावांनी टॉर्च लावला आणि मथळ्याखालचा मजकूर पहिल्यांदा स्वतः वाचला. दोनदा वाचला. मग कागदाची नीट घडी घातली.

"बाई," ते मला म्हणाले, "इथे लिहिलंय, मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमाराला, म्हणजे अठरा तारीख लागल्यावर. उद्याची रात्र. माझी चूक झाली."

चौतीस वर्षांत हजारो मुलांना मी 'चुकलास' म्हटलं होतं, पण इतक्या लवकर कुणी कबूल केलं नव्हतं. काकूंनी एरवी टोमणा मारला असता, आता त्यांनी नुसती आपली कानटोपी काढून नवऱ्याच्या डोक्यावर घातली.

वासुदेवराव ब्लँकेटची घडी करू लागले. चार वाजून गेले होते. आणि एकाएकी शेजारची पाण्याची टाकी उजळली. तिच्यावर आमच्या तिघांच्या सावल्या पडल्या. मान वर केली तर डोक्यावरून हिरवट-पांढरा गोळा पश्चिमेकडे गेला आणि मागे धुराचा पट्टा ठेवून विझला. पाठोपाठ दुसरा आला. मग एकदम दोन.

खालून मालोजीचा आवाज आला. "ओ भिया, ये ऊपर क्या जला रहे हो?"

वासुदेवरावांच्या हातात ब्लँकेटचं एक टोक तसंच राहिलं होतं. "गल्ली झोपलीय," ते म्हणाले. "सगळी गल्ली झोपलीय." साखळी नव्हती, बॉयलर नव्हता. त्यांनी कठड्यापाशी जाऊन दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि भोंगा वाजवला. तोंडानं. आधी खर्जात, मग चढत चढत, शेवटी तो लांब सूर. सात वर्षं ऐकला नव्हता, तरी माझा हात आपोआप घड्याळाला किल्ली द्यायला गेला.

गल्लीत दिवे लागले. जुन्या मिलवाल्यांपैकी तिघं झोपेतच चपला घालून दाराबाहेर आले, आणि एकानं तर रिकामा डबाही उचलला होता. त्याची बायको मागून ओरडली, "अहो, कुठे निघालात? मिल कधीच गेली." तो डबा घेऊन तसाच उभा राहिला आणि वर बघू लागला. छतांवर माणसं आली. प्रतापराव गच्चीवर आले ते एका हातात कवळीची वाटी घेऊन. उजाडेपर्यंत असे गोळे येत होते. कुणी मोजले नाहीत, वासुदेवरावांनीसुद्धा नाही.

मंगळवारी रात्री प्रतापरावांच्या गच्चीवर सगळी गल्ली जमली. कचोऱ्या उत्तम होत्या. आकाशात अधूनमधून बारीक रेघा दिसल्या, पण कालची सर नव्हती. दोन दिवसांनी पेपरात आलं की उल्कांचे मोठे गोळे अंदाजाच्या बरेच तास आधी येऊन गेले, मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही हिशेब चुकला.

झालं. प्रतापरावांनी ही बातमी ओट्यावर तीनदा वाचली, या वेळी शेवटपर्यंत. "अमेरिका चुकली," ते म्हणाले, "पण आपले वासुदेवराव नाही चुकले."

वासुदेवरावांची झोप उडाली ती यानंतर, आणि तीही दिवसाची. ते पुन्हा दारोदार फिरू लागले. हातात तो शेंगदाण्यांचा कागद. "मी चुकलो होतो. तारीख धरण्यात चूक झाली. ते लवकर आले हा योगायोग."

कुणी ऐकेना. मालोजी म्हणाला, "भिया, मोठा माणूस हमेशा असंच बोलतो," आणि पोह्यांवर जास्तीची शेव घातली. काकूंनाही त्यांनी समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर बरोबर निघालात. आता तोंड बंद ठेवा."

शेवटी ते माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्ही होतात तिथे."

मी सांगितलं. प्रतापरावांनाच सांगितलं, सगळं, कागदासकट. त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझ्याबरोबरच वासुदेवरावांच्या ओट्यापाशी आले. मला वाटलं, आता विषय मिटेल. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढे धरलं.

"हे रोज मागे पडतं, वासुदेवराव. जरा लावून द्या."

वासुदेवरावांनी घड्याळ घेतलं. स्वतःच्या घड्याळाकडे बघून काटा फिरवला, सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबले आणि मग किल्ली आत दाबली.

"चार वाजून बारा मिनिटं," ते म्हणाले. "वेळ पक्की आहे. तारीख मात्र कॅलेंडरात बघा."