सोळावा भाग आणि पाळण्याची दोरी

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, एका रविवारी दुपारी ठीक एक वाजता एका कोरियन मालिकेचा सोळावा आणि शेवटचा भाग माझ्या हातून निसटून माझ्या सख्ख्या भावजयीच्या हाती पडणार होता.

परक्या मालिकांना हौसेनं, फुकट, पडद्याखाली मराठी भाषांतराच्या ओळी लावणारे सोलापुरात आम्ही दोन गट. एकात मी आणि शेजारची सून. तिच्या घरी तेलुगू बोलतात, यंत्रमागाच्या खडखडाटात कानात इअरफोन घालून ती ओळींची वेळ जुळवते. दुसरा गट भावजयीचा.

आमच्यात टोमणे चालतात, नियम मोडणं चालत नाही. फोनवरच्या सामाईक ग्रुपवर 'घेतला' असं लिहिलं की तो भाग दहा दिवस आपला. मुदत टळली की कुणीही उचलावा. दुसऱ्याचं काम प्रसिद्ध होण्याआधी डोकावून बघायचं नाही, चूक दिसली तरी तोंड उघडायचं नाही. आणि शेवटचा भाग जो देईल, त्याच्याच माणसांची नावं अखेरच्या पाटीवर झळकतात. सुनेचं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठंच छापलं गेलं नव्हतं. ती पाटी सासूला दाखवायची, एवढ्यासाठी तिनं पंधरा भाग ओढले होते.

आमची मुदत एकला संपत होती आणि त्याच दुपारी भावजयीच्या नातवाचं बारसं होतं. न जाऊन सांगते कुणाला? भावजयीनं हसून पेढा दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिनं सोळावा भाग 'नुसता सराव म्हणून' करून ठेवलाय, हे मला माझ्या भावानंच सांगितलं होतं.

साडेबाराला शेजारच्या सुनेचा फोनवर निरोप आला. ओळी जुळत नाहीयेत, ताई, काहीतरी करा. मी पदराआड फोन धरून बघितलं. नायिका दारात यायच्या आधीच तिचा हुंदका खाली उमटत होता. भांडण पेटण्यापूर्वी नायक माफी मागून मोकळा. एकेक ओळ सरकवत बसले असते, तर बाळाची मुंज आली असती.

एकला दहा कमी. पाळण्याची दोरी भावजयीच्या हातात, मी तिला खेटून बसलेली. तिची नजर घड्याळावर गेली, बाळावर गेली आणि मग, सगळे नियम मोडून, माझ्या पदराखाली. मी फोन झाकला नाही. लबाडी म्हणा हवं तर. तिनं ओठ घट्ट मिटले. पाळणा थांबला.

नाव सांगायला आत्या बाळाच्या कानाशी वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारलेल्या बायकासुद्धा गप्प झाल्या. भावजयीच्या मुठीत दोरी आवळलेली. आणि त्या शांततेत ती ओरडली,

"अहो वन्सं, वेळ लावताना सुरुवातीची मागच्या भागाची उजळणी कापलेली प्रत धरलीत तुम्ही, सगळ्या ओळी एकदम दीड मिनिट पुढं ढकला की!"