दोन चापट्या म्हणजे थांबायचं

मी शाळेत विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांचा विषय निघाला की कप उचलून व्हरांड्यात जाणारी बाई मी! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहिते.

आमचं घर डहाणूजवळ सरावलीला. आई तलासरीकडच्या पाड्यांवर नर्स होती आणि बाबा तिला स्कूटरवरून सोडायचे. बाबांना ऐकू यायचं नाही. म्हणून आई मागे बसून त्यांना चापट मारायची — डाव्या खांद्यावर म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे. लागोपाठ दोन म्हणजे थांबायचं.

बाबा गेले. पुढे आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नजर सारखी छताला. ती मला ओळखते की नाही, हेच कळेना. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला निघाले तेव्हा तीनदा म्हटलं, "आई, येते गं." तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. खरं सांगते, मी रडत आणि चिडतच घराबाहेर पडले.

तिथे उत्तरेकडच्या डोंगरात भाड्याची स्कूटर घेऊन एकटीच फिरत होते. भातखाचरं, म्हशी, पाठीवर टोपली घेतलेल्या बायका... आमच्या घराकडच्या आशागडच्या पुढे आल्यासारखंच वाटत होतं. मग भर दुपारी धुकं उतरलं. फोनची रेंज गेली. सगळं पांढरं, स्कूटरचा आवाजही लांबून कुठूनतरी येतोय असा...

आणि खांद्यावर दोन चापट्या. जोरात!

मी करकचून ब्रेक दाबला. चार हातांवर रस्ता संपला होता, दरडीबरोबर खाली गेला होता. खालून नदी ऐकू येत होती. घड्याळात साडेबारा.

मागे वळून पाहिलं नाही. भीतीही वाटली नाही, का कोण जाणे. स्कूटर वळवली. फाट्यावर डाव्या खांद्यावर एक चापट, मी डावीकडे. मग बऱ्याच वेळानं उजव्या खांद्यावर. झोपेत कूस बदलावी तशी मी वळत गेले, आणि समोर माझं लॉज!

संध्याकाळी भावजयीचा, अनिताचा फोन. "ताई, आईंचा उजवा हात हलला आज! अकराला मी खाटेला टेकून तांदूळ निवडत होते, तर खांद्यावर दोन चापट्या... जोरात हां! मला वाटलं, पाणी पाहिजे काय. तर मग डाव्या खांद्यावर एक, बऱ्याच वेळानं उजव्या खांद्यावर एक. मग हात पडला तो पडलाच."

इथले अकरा म्हणजे तिथले साडेबारा. अनिता लग्न होऊन आली ती बाबा गेल्यावर. या खुणा तिला कुणी सांगितलेल्याच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, झटक्यानं हलतो कधीकधी हात. असेल. पण झटक्याला डावं-उजवं कळतं?

आता शाळेतून आले की मी तिच्या खाटेला पाठ टेकून वह्या तपासते. हात पुन्हा हललेला नाही. पण ती मला ओळखते का, हे मी आता कुणाला विचारत नाही.