मलिकेला मुजरा

"रोको! अरे, रोको उसको!" बाबा टीव्हीकडे बघून ओरडत होते, जणू समोरचं चित्र म्हणजे पडावाच्या थांब्यावरून सुटलेली बस होती. "ही आपल्या आजोबांची पाठ आहे!"

पाटणकर बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा अर्धं ग्वाल्हेर बसलं होतं, उरलेलं अर्धं जिन्यात. मी मोजलं नाही, पण चपलांची रांग सराफ्यापर्यंत गेली होती. जुन्या जमान्यातल्या एका नटीवरचा माहितीपट चालला होता. म्हातारी झालेली ती नटी हसत सांगत होती: ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शूटिंग होतं, मी मुघलांची मलिका. मी आले की एक शिपाई कमरेत वाकून तीनदा मुजरा करायचा. डायरेक्टर ओरडायचा, अरे, तू मुघलांचा शिपाई, सलाम कर! सातदा सांगितलं, सातदा मुजराच. शेवटी कंटाळून तसंच ठेवलं.

मग तो तुकडा दाखवला. एक वाकलेली पाठ, जमिनीपासून कपाळाला जाणारा हात, आणि त्या हाताची वाकडी करंगळी. तशी करंगळी अख्ख्या हिंदुस्थानात एकच, आमच्या घरची.

आजोबा संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, फौज दिल्लीच्या फौजेत मिसळायची ठरली. कोणाला घेणार, कोणाला घरी बसवणार, ते कळेपर्यंत सगळे रिकामे. त्या रिकाम्या शिपायांनाच फिल्म कंपनीनं भाले देऊन उभं केलं होतं. आजोबा घरात हे कधी बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मी त्या नटीची झाले. ओढणी तिच्यासारखी, भुवई तिच्यासारखी. शाळेत सोमवारी सांगितलं, ती आजोबांना ओळखते. बुधवारपर्यंत ती आमच्याकडे श्रीखंड खाऊन गेली होती. शुक्रवारी तर ती माझी आजी होता होता राहिली.

सराफ्यातल्या सोनाराची मुलगी माझ्याच वर्गात. ती म्हणाली, "झूठी! पिक्चर तो ब्लैक एंड व्हाइट थी। तेरे दादाजी सामने खड़े थे ना? तो उसकी आँखों का रंग बता। हमने उसका इंटरव्यू रंगीन टीवी पर देखा है, मुझे पता है।"

आमचा टीव्हीही काळा-पांढराच. आता घराण्याची आणि त्याहून जास्त माझी अब्रू आजोबांच्या डोळ्यांवर येऊन थांबली. संध्याकाळी सोनाराची पोर सहा साक्षीदार घेऊन आमच्या जिन्यात हजर. आजोबा फूलबागेतून फिरून आले, हातात भाजीची पिशवी.

"आजोबा, सिनेमातले ते तुम्हीच ना?"

"मीच."

माझी छाती किल्ल्याच्या बुरुजाएवढी झाली. "मग डायरेक्टरचं ऐकलं का नाही?"

"मलिका समोर आली की मुजरा करायचा. त्यात डायरेक्टरला काय विचारायचं? दरबार उठला तरी हात आपलेच होते."

मी सोनाराच्या मुलीकडे बघत, अगदी नटीसारखी भुवई उचलून, मोठ्यांदा विचारलं, "आणि आजोबा, तिचे डोळे कोणत्या रंगाचे होते हो?"

आजोबांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"मला काय ठाऊक? मुजऱ्यात मान खाली असते."