बघणाऱ्या मुलीचे डोळे

आमच्या काकांचा निजामपुऱ्यात गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे यंत्रमागांच्या दोन शेडच्या मध्ये सापडलेली एक लांबट पत्र्याची खोली. दोन्हीकडून लूमची खडखड सतत चालू, त्यामुळे आत बोलायचं तर ओरडून बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. मी गप्प राहणाऱ्यांतला. हे कौतुकानं सांगत नाही.

वडील नगरपालिकेत कारकून. मी नुकताच कॉलेजात गेलेलो, बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान, शाळेत. सीझनला आम्ही दोघं कारखान्यात राबायचो. माती मळणं, साचे पुसणं, रंगाचे हात मारणं, सगळं सगळ्यांनी करायचं. डोळे मात्र फक्त काका काढायचे. त्याला आखणी म्हणतात. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून पाहिलं तरी गणपती आपल्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे. काका म्हणायचे, गिऱ्हाईक सोंडेचे पैसे देतं आणि नजर घरी नेतं.

त्या श्रावणात काकांनी आखणीचा ब्रश पहिल्यांदा माझ्या हातात दिला. स्वतःच्या मुलाच्या नाही, माझ्या. चुलतभाऊ माझ्याहून मोठा, आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो शेजारी उभा होता. म्हणाला, "घे बाबा, आता तूच मालक." हसत म्हणाला, पण मला ते टोचलं आणि आवडलंही.

त्याच आठवड्यात कारखान्यात आग लागली.

पावसात मूर्ती वाळत नाहीत, म्हणून मूर्तींच्या रांगांमध्ये कोळशाच्या शेगड्या ठेवायचे. निघताना त्या विझवायचं काम कशेळीच्या एका वयस्क कामगाराचं. सगळे त्यांना मामा म्हणत. त्या दुपारी मामा शेगड्या विझवून जेवायला गेले. बहीण आणि मी काकांचा डबा घेऊन दारात पोचलो, तेव्हा दादा वाकून एक शेगडी पुन्हा पेटवत होता. एका मोठ्या मूर्तीचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं, ती ओली होती. शेगडी पेटवून तो मागच्या दारानं सिनेमाला गेला. आम्ही डबा ठेवून घरी आलो. तासाभरात शेगडीजवळच्या गोणपाटांनी पेट घेतला. आगीत माणूस कुणी अडकलं नाही, पण गिऱ्हाइकांनी पाट ठेवून नोंदवलेल्या मूर्ती काळ्या पडल्या, तडकल्या. चतुर्थीच्या तोंडावर त्या मुकाट्यानं खाडीत सोडून याव्या लागल्या.

मामांना काढलं. "मी इझवल्या व्हत्या," एवढंच ते म्हणत राहिले.

बहिणीनं त्याच संध्याकाळी सर्वांसमोर सांगितलं, "शेगडी दादानं पेटवली. मी पाहिलं." दादा म्हणाला, मी दुपारी कारखान्यात नव्हतोच. काकूंनी तिला विचारलं, काकांनी विचारलं, वडिलांनी वेगळ्या खोलीत नेऊन विचारलं. उलटसुलट विचारलं. ती प्रत्येक वेळी तेवढंच सांगत होती. मग काका माझ्याकडे वळले. "तू होतास ना हिच्याबरोबर?"

"होतो," मी म्हणालो. "पण मला काही दिसलं नाही."

झालं. घरात ती खोटारडी ठरली. पुढे तिनं दूध नासलंय म्हटलं तरी कुणीतरी म्हणायचं, हिला शेगड्या दिसतात.

मी का बोललो नाही ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. पुढे विचारलं गेलं तेव्हा घाबरलो होतो म्हणालो. तसं नव्हतं. त्या दिवशी दादाचं नाव घेतलं असतं, तर ब्रश मिळाल्याबरोबर पुतण्या मुलाच्या मुळावर उठला, असं काकांना वाटलं असतं आणि ब्रश गेला असता. मला ब्रश हवा होता. इतकं साधं आहे ते.

थंडीत नन्सच्या दवाखान्यातून एक सिस्टर कारखान्यात आल्या. गावाबाहेर त्यांचा लहानसा दवाखाना होता. माग चालवणारे, सुताच्या धुळीनं खोकणारे कामगार तिथं जायचे. आवारात त्यांनी दगडांची एक गुहा रचली होती. तिच्यात ठेवायची मेरीमातेची मूर्ती आणि समोर गुडघे टेकलेली मुलगी, अशी जोडी टेम्पोतून आली. कशेळीच्या खड्ड्यांत मातेला काही झालं नाही, मुलीची मान गेली.

"आईला खरचटलं नाही, पोरीचाच बळी," सिस्टर म्हणाल्या. वसईकडच्या होत्या, मराठी आमच्याहून ठसकेबाज. "तुम्ही गणपती करता, एक मुलगी करून द्याल का कारखानदार?"

काका म्हणाले, "सिमेंटचं काम आम्ही फाटकावरच्या सिंहापुरतं करतो, सिस्टर."

"मग सिंहीण समजून करा."

मुलीचं काम माझ्याकडे आलं. सिस्टर अधूनमधून येऊन बसायच्या आणि तिची गोष्ट सांगायच्या. बहीण शाळेतून आली की ऐकत बसायची. फ्रान्समधल्या एका गावातली गरीब मुलगी, बाप पूर्वी पिठाची गिरणी चालवायचा, ती बुडालेली. तिला दमा. नदीकाठी लाकडं वेचायला गेली असताना गुहेत तिला एक पांढऱ्या कपड्यातली बाई दिसली. इतर कुणाला दिसली नाही. मग पोलीस अधिकाऱ्यानं बोलावलं, धर्मगुरूंनी दटावलं, डॉक्टरांनी तपासलं. पोलीस अधिकारी तिचा जबाब वाचून दाखवताना मुद्दाम फेरफार करायचा. ती म्हणायची, असं मी बोललेच नाही.

"आणि बरं का," सिस्टर म्हणाल्या, "मला मेरीमाता दिसली, असं तिनं आपणहून कधी म्हटलं नाही. नुसतं 'ते' म्हणायची. 'ते' दिसलं. जेवढं दिसलं तेवढंच. सांगणं हे तिचं काम, लोकांना पटवणं नाही, असं ती मानायची."

"मग पटलं का लोकांना?" बहिणीनं विचारलं.

"पटलं. वेळ लागला."

मी मान खाली घालून सिमेंट घोटत होतो.

रंग झाला, डोळे काढले. मला ते उत्तम वाटले. सिस्टर आल्या, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "ही माझ्याकडे का बघते रे?"

"मूर्तीनं भक्ताकडे बघायला नको?"

"तुमच्या गणपतीनं बघावं. ही देव नाही, मुला. ही बघणारी आहे. तिला आपण दिसतच नाही." मग थोड्या मऊपणानं म्हणाल्या, "तसे हिचे डोळे कुणी पाहणार नाही. लोक हिच्या पाठीमागे उभे राहून आईकडे बघतात. तरी बरोबर हवेत."

शिकलो होतो ते सगळं आपल्याकडे बघणाऱ्या डोळ्यांचं होतं. दुसरीकडे बघणारे डोळे कसे काढायचे, काकांनाही सांगता येईना. ते म्हणाले, "कुणालातरी समोर बसव." बहीण समोर गुडघे टेकून बसली. वरच्या तुळईवर दिवा होता, त्याच्याकडे बघ म्हणालो. दुपारच्या शिफ्टची सुट्टी होती, लूम बंद होते. इतकी शांतता त्या खोलीत सहसा नसे.

तिनं वर बघता बघता माझ्याकडे पाहिलं. "एक विचारू? दादा शेगडी पेटवत होता ते तुला दिसलं होतं का?"

मी म्हणालो, "मान हलवू नकोस."

तिनं पुन्हा नजर वर नेली. बुबुळाखाली पांढऱ्याची बारीक रेघ दिसते, वरची पापणी ताणते, भुवया मात्र सैल राहतात. ते डोळे मी जसेच्या तसे काढले. सिस्टरांनी पाहिले आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की पोरानं डोळे काढावेत तर असे.

गुहेशी मेणबत्त्या लागू लागल्या. दवाखान्याच्या रांगेतले कामगार, हिंदू, मुसलमान, सगळे तिथं घटकाभर टेकायचे. एकदा खोकून खोकून वाकलेला एक मागवाला मुलीकडे बोट दाखवून सोबत्याला सांगत होता, "इसको भी दमा था। अपनी ही है।" पुढे मला नादच लागला. वसईकडे कामानं गेलो की चर्चच्या आवारातली गुहा शोधायची. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ती मुलगी असायची, आईपेक्षा लहान, एका बाजूला, लोकांकडे पाठ करून. हार आईला, मेणबत्त्या आईला. मी वळसा घालून पुढे जायचो आणि तिचे डोळे पाहायचो. काही ठिकाणी ती रंगाऱ्याकडेच बघत असायची, तेव्हा मला हायसं वाटायचं. ज्या डोळ्यांना खरंच काही दिसत होतं, तिथं मी थांबत नसे.

अशी वर्षं गेली. कारखान्यातली आखणी माझी झाली. नव्वद सालानंतर बहिणीचं लग्न काढलं. पडघ्याकडचं स्थळ, दादाच्या ओळखीतलं. मुलाचा ट्रकचा धंदा. पाहून गेले, होकार आला. बोलणी पक्की करायला जायच्या आधी घरातले सगळे दुपारी बैठकीच्या खोलीत बसले होते. बहीण चहा ठेवून तिथंच उभी राहिली.

"मी त्यांना अकलोलीला पाहिलंय," ती म्हणाली. "मी शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा. गरम पाण्याच्या कुंडावर. एक बाई होती, लहान मुलगी होती. मुलगी त्यांना पप्पा म्हणत होती." ती तेव्हा शिक्षिका झाली होती.

"भाची असेल," काकू म्हणाल्या.

"पप्पा म्हणत होती."

"तेव्हा सांगायचं की, पाहायला आले तेव्हा."

"तेव्हा खात्री नव्हती. होकार सांगायला आले त्या दिवशी नीट पाहिलं, तेच आहेत."

दादा हसला. "पुन्हा शेगडी दिसली हिला."

दोघेतिघे हसले. वडीलसुद्धा, थोडे. बहीण हसली नाही, चिडलीही नाही. "मी पाहिलं ते सांगितलं. तुम्ही ठरवा," एवढं म्हणून रिकामे कप गोळा करू लागली.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग रे. हिचं किती ऐकायचं?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी नेहमीसारखा खांदे उडवीन, हे सगळ्यांना माहीत होतं. नाही उडवले, तर तिचं लग्न थांबणार होतं, आणि उडवले, तर ती त्या घरात जाणार होती. बाकी सगळं बाजूला करून एवढंच उरलं होतं.

"सगळं ऐकायचं," मी म्हणालो. "शेगडी दादानंच पेटवली होती. मीही पाहिलं होतं."

दादा उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. "मला वाटलं होतं मी विझवून गेलो," तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "आणि इतकी वर्षं?"

"घाबरलो होतो," मी म्हणालो. खरं काय ते वर लिहिलंच आहे.

अकलोलीला माणूस पाठवला. बाई खरी निघाली, मुलगी खरी निघाली. स्थळ मोडलं. काका मला घेऊन कशेळीला मामांकडे गेले. मामा एका गोदामावर वॉचमन होते. काकांनी हात जोडले. मामा म्हणाले, "मना ठाव व्हता. तुमाला न्हवता." चहा पाजला, परत कामावर या म्हटलं तर "न्हाय" म्हणाले. त्या सीझनला आखणीचा ब्रश काकांनी स्वतः घेतला, वय झालं असूनही. मी मागितला नाही, आणि पुढे नोकरी धरली.

एकदा काका आमच्या घरी येऊन बहिणीसमोर बसले. "बाय, एक सांग. आग लागल्यावर तरी दादाला आठवलं असेल ना? त्यानं जाणूनबुजून मामांवर येऊ दिलं का?"

तिनं हो म्हटलं असतं, तर दादाला घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आता सगळ्यांनी तिचं मानलं असतं. ती म्हणाली, "ते मला दिसलं नाही, काका. पेटवताना दिसला, तेवढंच."

काका गेल्यावर ती गच्चीवर कपडे काढायला गेली. मी मागून गेलो. म्हटलं, "तू माझं नाव का घेतलं नाहीस कधी? मीही पाहिलं, असं घरात एकदा तरी म्हणायचं होतंस."

"मी तुझ्याकडे कुठं बघत होते? शेगडीकडे बघत होते." तिनं दोरीवरची चादर ओढून तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. "तुला दिसलं की नाही, मला काय माहीत. म्हणून तर कारखान्यात विचारलं होतं."

इतकी वर्षं मी तो टोमणा समजत होतो. तिनं खरंच विचारलं होतं. मला खरंच दिसलं नसेल, ही शक्यता तिनं माझ्यासाठी उघडी ठेवली होती, आणि स्वतः खोटारडी म्हणून जगली होती.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. आम्ही चादरीची घडी घातली. पुढची चादर तिनं एकटीनं घडी केली.